स्लीव्ह शस्त्रक्रियेनंतरचं वर्षभराचं खाणं : कोल्हापूरच्या एका स्वयंपाकघरातल्या नोंदी

२७ मे २०२४. ऑपरेशनला चौदा दिवस

वजन ११८ किलो, उंची १५६ सेंटीमीटर, वय ४४. माध्यमिक शाळेत शिकवते. वजन कमी करायचं स्लीव्ह ऑपरेशन करायचं ठरलंय. शाळा सुरू व्हायच्या आत घरी यावं म्हणून १० जून ही तारीख घेतली. जठराचा साधारण पाऊण भाग काढून टाकणार आणि केळ्याएवढी नळी ठेवणार. तिच्यात शंभर-दीडशे मिली मावेल, असं सांगितलंय.

ही वही माझ्यासाठी आहेच. पण लिहिताना डोळ्यांपुढे माझ्यासारखीच दुसरी एखादी बाई आहे. तिच्या हातात 'प्रथिनयुक्त द्रव आहार' असं लिहिलेला कागद दिलाय आणि आपल्या घरच्या चुलीवर त्याचं काय करायचं, हे कुणी सांगितलेलं नाही. तिला उपयोग व्हावा.

खरेदी: स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा ४५० रुपये. मिक्सरचं चटणीचं जास्तीचं भांडं ३८० रुपये. व्हे प्रोटीन पावडरचा दोन किलोचा डबा ५,२०० रुपये. मापाची वाटी घ्यायची होती, तेवढ्यात देवघरातल्या नैवेद्याच्या वाटीवर नजर गेली. पाणी भरून मोजलं तर बरोबर ६० मिली. तशीच दुसरी १५ रुपयांना आणली.

यकृताचा आकार कमी व्हावा म्हणून आजपासून भात, पोळी, साखर बंद. डोकं दुखतंय.

१४ जून. घरी आले

काम एकच, पाणी पिणं. दर पंधरा मिनिटांनी औषधाच्या झाकणाने ३० मिली. दिवसाला दीड लिटर व्हायला हवं, आज ९०० मिली झालं. जन्मभर तांब्या वर करून घटाघटा पाणी प्यायले. दुपारी सवयीने एक मोठा घोट घेतला आणि छातीच्या मधोमध कुणीतरी मूठ आवळल्यासारखं झालं. पाच मिनिटं भिंतीला टेकून उभी राहिले. आता मोबाइलला गजर लावलाय.

आईंनी (माझ्या सासूबाई) मटणाची अळणी, म्हणजे तिखट-मसाला नसलेला रस, केली. आमच्याकडे आजारी माणसाला पहिल्यांदा तीच देतात. फक्त मी ती आधी फ्रीजमध्ये ठेवायला सांगितली. तीन तासांनी वर चरबीचा पांढरा पापुद्रा धरला होता. तो चमच्याने उचलून टाकला, खालचं गाळलं, कोमट केलं आणि नैवेद्याच्या वाटीने घेतलं. वाटी संपायला पंचवीस मिनिटं लागली. आई समोर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "एवढंसं खाऊन माणूस जगतंय होय गं?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

२१ जून. आठवडाभराची चूक सापडली

रोज मुगाचं कढण, तुरीच्या डाळीचा कट, अळणी आणि ताक असं चाललं होतं. पोट भरत होतं, त्यामुळे सगळं नीट चाललंय असं वाटलं. आज वजनकाटा आणि कागद घेऊन बसले, तेव्हा कळलं की दिवसाला ६० ग्रॅम प्रथिनं हवीत आणि मी जेमतेम वीसच्या आसपास घेतेय.

कारण गाळणीत होतं. डाळ शिजवायची, गाळायची, वरचं पाणी मला आणि खालचा गाळ बाकीच्यांच्या आमटीत. प्रथिनं त्या गाळातच जात होती. डाळीच्या पाण्याला चव असते, मीठ असतं, ताकद नसते. अळणीचंही तसंच. मांस भांड्यात राहतं आणि आपण रस पितो.

बदल केला तो असा. मुगाची डाळ एक मूठ, अगदी मऊ शिजवून चटणीच्या भांड्यात तीन मिनिटं फिरवायची. बारीक गाळणीतून उलथन्याने दाबून सगळी उतरवायची, मागे काही ठेवायचं नाही. दुधाच्या प्रत्येक पेल्यात सायविरहित दूध पावडरचे दोन चमचे. शंभर ग्रॅम पावडरीत ३५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, आणि ती दुधात मिसळली की कळतही नाही.

व्हे पावडरचं मात्र फसलं. गरम दुधात टाकली तर दूध फाटल्यासारख्या गुठळ्या झाल्या. गार पाण्यात घोळली तर व्हॅनिलाचा वास सहन होईना. ऑपरेशननंतर जिभेची आणि नाकाची आवड बदलते, हे मला आधी माहीत नव्हतं. म्हणून आधी एक-दोन पुड्या आणून चव बघा, मोठा डबा घेऊ नका. माझे ५,२०० रुपये कपाटात बसलेत. त्यातल्या त्यात जमलं ते असं : पावडर आधी गार दुधात घोटायची, मग त्यात कोमट दूध आणि चिमूटभर सुंठ-वेलची.

२ जुलै. पातळ गरगट्टाचा दुसरा आठवडा

अंडं आवडायला लागलं. एक अंडं, दोन चमचे दूध, मीठ, अगदी मंद आचेवर सतत हलवत राहायचं. खीर आटते तसं दिसू लागलं की उतरवायचं. जास्त ठेवलं तर रबरासारखं होतं आणि उतरत नाही. सहा ग्रॅम प्रथिनं मिळतात.

चक्काही चांगला. घरचं एक लिटर दुधाचं दही रात्री फडक्यात बांधून खुंटीला टांगते, सकाळी घट्ट चक्का तयार. साखर न घालता जिरेपूड आणि मीठ. साध्या दह्यापेक्षा तेवढ्याच चमच्यात दुपटीहून जास्त प्रथिनं. खाली पडलेली निवळ घरच्यांच्या कणकेत जाते.

१४ जुलै. ही नोंद लपवावीशी वाटली, म्हणून मुद्दाम लिहिते

१ जुलैला शाळेत रुजू झाले. मधली सुट्टी वीस मिनिटांची. त्यातली सात-आठ मिनिटं वह्या आणि मुलं यांतच जातात. उरलेल्या वेळात डबा उरकायचे. अकरा तारखेला उलटी झाली. बाराला दोनदा. तेराला सकाळी पाणीही ठरलं नाही. आणि मी कुणाला सांगितलं नाही. 'ऑपरेशन करायची काय गरज होती' हे वाक्य मला पुन्हा ऐकायचं नव्हतं.

आज ह्यांनी बाथरूमच्या दाराबाहेरून ऐकलं आणि माझ्या आधी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर खूप चिडले. दोन-तीन दिवस उलट्या होत राहिल्या तर शरीरातलं बी-१ जीवनसत्त्व संपत जातं. त्याचा साठा मुळातच थोड्या दिवसांचा असतो. तो संपला की नसांवर परिणाम होतो, पायातली ताकद जाते, डोळ्यांपुढे दोन-दोन दिसायला लागतं, आणि काही नुकसान भरून येत नाही. सलाईन आणि बी-१ चं इंजेक्शन दिलं. खर्च २,१०० रुपये. त्यापेक्षा वाया गेलेले तीन दिवस मोठे.

जिचं ऑपरेशन झालंय तिने एवढं ऐकावं. एका दिवसात पाणी ठरलं नाही तर त्याच दिवशी फोन करायचा. लाजायचं नाही.

उपाय : मुख्याध्यापिकांना भेटून सांगितलं. त्यांनी मधल्या सुट्टीनंतरचा माझा तास बदलून मोकळा दिला. आता एकूण ५५ मिनिटं मिळतात. घास पोह्याच्या चमच्याच्या टोकाएवढा. तोंडात त्याचं पाणी होईपर्यंत चावायचा, चमचा खाली ठेवायचा, मगच पुढचा. जेवणाआधी आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी नाही. वाळूचं घड्याळ आणलं, १२० रुपये.

१७ जुलै. आषाढी

उपवास केला नाही. साबुदाण्यात जवळजवळ सगळा स्टार्च. वाटीभर खिचडीने माझं अख्खं पोट भरेल आणि हाताशी प्रथिनं काहीच लागणार नाहीत. विठोबाला हात जोडले आणि राजगिऱ्याची लाही कोमट दुधात भिजवून घेतली, पावडर घालून.

२७ जुलै. पूर

पंचगंगा धोक्याच्या पातळीच्या वर आहे, शाळांना सुट्टी. दोन दिवस दूध आलं नाही, चिकन नाही. घरात दहा अंडी, मुगाची डाळ आणि सोयाबीनच्या वड्यांचं एक पाकीट होतं. वड्या गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळल्या. पुन्हा गार पाण्यात टाकून पिळल्या, नाहीतर उग्र वास राहतो. मिक्सरला फिरवून खिम्यासारखं केलं, कांदा अगदी मऊ शिजवून, तिखट नाही, थोडा कांदा-लसूण मसाला वासापुरता. कोरड्या वड्यांत वजनाच्या निम्म्याहून जास्त प्रथिनं असतात. तीन चमचे खाल्ले आणि रात्रीपर्यंत भूक लागली नाही. पाकीट ५० रुपयांचं. कपाटातल्या डब्याकडे बघून वाईट वाटलं.

३ ऑगस्ट. पोळी अडकली

आठवा आठवडा. कागदावर 'नेहमीचं जेवण हळूहळू सुरू' असं आलं होतं. तव्यावरची फुललेली पोळी, वर तूप. दोन महिने नुसता तो वास घेऊन मी थांबले होते. दोन घास खाल्ले, चावले असं मला वाटलं. तिसरा गिळला आणि छातीच्या हाडामागे तो तसाच बसला. वर येईना, खाली जाईना. तोंडात लाळ सुटायला लागली, साधी नव्हे, फेसाळ आणि चिकट, साबणासारखी. मोरीवर वाकून चाळीस मिनिटं उभी होते. शेवटी घास वर आला, कणकेचा गोळा होऊन, जणू चावलाच नव्हता.

ताजी मऊ पोळी चावली तरी पुन्हा गोळा होते, हे त्या दिवशी कळलं. पाव तर त्याहून वाईट. पाणी पिऊन ढकलायचा प्रयत्न मी केला, तो करू नये. दुखणं वाढतं.

आता पोळी नाहीच. ज्वारीची भाकरी चालते, कारण ती मोडते, चिकटत नाही. चतकोरातला चतकोर, आमटीत कुस्करून. तेही वाटीतलं अंडं, मासा किंवा उसळ संपल्यावर जागा उरली तर. बहुतेकदा उरत नाही. हाच क्रम वर्षभर पाळायचा असं ठरवलं : आधी प्रथिनं, मग भाजी, शेवटी भाकरी किंवा भात.

चिकनचंही लिहून ठेवते. छातीचा तुकडा कोरडा पडतो आणि अडकतो. मांडीचं मांस रश्श्यात शिजवून, तंतू सोडवून, ओलसर खाल्लं तर उतरतं.

८ सप्टेंबर. मोदक

काल गणपती बसले. आधी काहीही न खाता आरतीनंतर लगेच दोन उकडीचे मोदक खाल्ले, वर साजूक तूप घालून. गेले अगदी सहज, काही अडकलं नाही. मी खूश झाले. वीस मिनिटांनी हृदय धडधडायला लागलं, कपाळावर घाम, पोटात पिळवटून आलं आणि उभं राहवेना. गौरीच्या तयारीला आलेल्या जावेने चादर अंथरली, मी तासभर डोळे मिटून पडले. कुणालातरी वाटलं, हार्ट अटॅक आला.

याला डम्पिंग म्हणतात. गूळ-साखर नळीतून भरभर आतड्यात उतरते, तिथे पाणी ओढून घेते, आणि शरीर गडबडतं. जठराचं बायपास ऑपरेशन (आतड्याची जोडणी बदलतात ते) झालेल्यांना हे जास्त होतं, पण स्लीव्हवाल्यांनाही होऊ शकतं. सारण गुळाचं, पारी तांदळाची, वर तूप आणि रिकामं पोट, सगळंच एकत्र आलं.

आज पुन्हा करून बघितलं, कारण देवाचा प्रसाद मला आयुष्यभर नाकारायचा नाही. आधी मटकीची उसळ दोन नैवेद्याच्या वाट्या, मग मोदकाचा चौथा हिस्सा, कळी नसलेला. काही झालं नाही. तेवढा पुरला.

१४ सप्टेंबर. तीन महिन्यांची तपासणी

वजन ९६. तपासण्यांचे ३,२०० रुपये. बी-१२ ठीक, हिमोग्लोबिन १०.४, म्हणजे खाली आलं.

ऑपरेशननंतर रोज घ्यायला दिलेली एकही गोळी चुकवली नव्हती. मग कुठे गेलं लोह? मॅडमनी (आहारतज्ज्ञ) वेळ विचारली. सकाळी सातला सगळ्या गोळ्या एकदम, आणि वरून चहा. कॅल्शियम लोहाला शोषू देत नाही, चहाही देत नाही. म्हणजे तीन महिने लोहाची गोळी मी जवळजवळ वाया घालवली.

नवं वेळापत्रक फ्रीजवर चिकटवलं. पहाटे साडेपाचला लोह, लिंबाच्या कोमट पाण्याबरोबर. चहा सातच्या पुढे, अर्धा कप. कॅल्शियम सायट्रेट दुपारी आणि रात्री, दोन भागांत, लोहापासून कमीत कमी दोन तास लांब. मल्टिव्हिटॅमिन जेवणानंतर. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होतात, म्हणून दिलेली गोळी सहा महिने. महिन्याचा गोळ्यांचा खर्च साधारण १,४०० रुपये. हा खर्च कायमचा आहे. ऑपरेशनच्या पैशांची जुळवाजुळव करताना तो कुणी धरत नाही, तो धरावा.

२० ऑक्टोबर

केस मुठीने गळतायत. विंचरायला भीती वाटते. मॅडम म्हणाल्या, मोठं ऑपरेशन आणि झपाट्याने उतरलेलं वजन यांनंतर तीन-चार महिन्यांनी हे होतं, पुढे थांबतं. तेल बदलू नको, प्रथिनं आणि लोह बघ. बघतेय.

२४ नोव्हेंबर. काटा हलेना

१८ ऑक्टोबरला ८९. आज ८९. पाच आठवडे. मध्येमध्ये वजन थबकतं हे मला माहीत होतं, पण पाच आठवडे म्हटल्यावर धीर सुटला. रात्री झोप येईना. नळी ताणली गेली का, ऑपरेशन वाया गेलं का, असं काहीबाही.

चार दिवस सगळं लिहायचं ठरवलं. तोंडात जाईल ते सगळं, चवीपुरतंही. जेवणाचे रकाने छान दिसत होते : अंडी, पापलेट, उसळ, चक्का. मग बाजूला बारीक अक्षरात बाकीचं.

स्टाफरूममध्ये चहात बुडवून बिस्किटं, दोन. पुन्हा दोन. दिवाळीचा पातळ पोह्यांचा चिवडा, डबा उघडला की मूठभर, वह्या तपासताना आणखी. चकली अर्धी-अर्धी करत दोन. शेंगदाण्याचा लाडू, 'शेंगदाण्यात प्रथिनं असतातच की' म्हणून. तीन दिवसांचा चिवडा वाटीने मोजून काट्यावर ठेवला, २१० ग्रॅम भरला. म्हणजे साधारण हजार कॅलरी, आणि पोट भरल्याची खूण एकदाही नाही.

मी काट्यासमोर बसून राहिले. जून-जुलैत मला अडकणाऱ्या गोष्टींची भीती होती. पोळी, कोरडं चिकन, घाईचा घास. पण जे अडकतं ते तिथल्या तिथे शिकवतं. बिस्किट चहात विरघळतं, चिवडा चावून कोंड्यासारखा होतो आणि सरकत खाली जातो, नळीत थांबतच नाही. कितीही खाता येतं. लहान पोट त्याला अडवू शकत नाही, कारण पोट भरल्याची खूण मिळेपर्यंत तो तिथे राहतच नाही. चिकनचे चार तुकडे मला तीन तास पुरतात आणि चिवड्याची वाटी वीस मिनिटंही नाही.

काय केलं : फराळाचे डबे माळ्यावर नेले नाहीत, कारण माळ्यावरून मी ते उतरवले असते. उरलेला फराळ शाळेतल्या शिपाईमामांकडे दिला. खाणं फक्त ताटात, बसून. उभ्याने, डब्यातून, वह्यांबरोबर काही नाही. चारची भूक खरी असते, तिच्यासाठी पर्समध्ये फुटाणे, सालं काढून, मोजून ३० ग्रॅम, सावकाश चावून. चहा बिस्किटाशिवाय. पहिले सहा दिवस कठीण गेले. घरी कुणावरही ओरडत होते, लेकीची माफी मागितली.

१५ डिसेंबर

८६. हलला.

१९ जानेवारी २०२५. गुऱ्हाळ

ह्यांच्या मामांचं गुऱ्हाळ सुरू आहे. दरवर्षी गरम काकवी तळहातावर घेऊन चाटायची. या वर्षी मी आधी घरून नेलेली दोन उकडलेली अंडी खाल्ली, आणि बोटाच्या टोकावर काकवी घेतली, एकदाच. वास मात्र पोटभर घेतला, चुलवणाशेजारी बसून. लग्नाच्या जेवणावळीतही हेच करते. निघायच्या आधी घरी नैवेद्याच्या दोन वाट्या प्रथिनं, मग तिथे ताट घेते, वाढप्याला मोडता घालत नाही, दोन घास खाते आणि बोलत बसते. 'खा की, एवढ्याने काय होतंय' याला उत्तर द्यायचं सोडून दिलं.

१० जून २०२५. वर्ष झालं, आज वटपौर्णिमा

वजन ७७. हिमोग्लोबिन १२.१. केस परत येतायत, कपाळावर बारीक बारीक.

आता एका वेळी नैवेद्याच्या साधारण तीन वाट्या जातात. कालचा दिवस : सकाळी दोन अंडी. अकराला दूध पावडर घातलेलं दूध. दुपारी बांगडा ८० ग्रॅम, दोडक्याची भाजी, भाकरीचा तुकडा. चारला फुटाणे. रात्री मोड आलेल्या मटकीची उसळ आणि चक्का. एकूण ६४ ग्रॅम. पाणी अजून रोज मोजते, कारण तहान कळत नाही.

वर्षाचा खाण्यापिण्यावरचा वेगळा खर्च, गोळ्या आणि तपासण्या धरून, २९,००० रुपयांच्या आसपास. त्यात तो डबाही आहे. अजून पाऊण भरलेलाच आहे आणि मुदत संपलीय.

आज वडाची पूजा केली, उपवास धरला नाही. दरवर्षी यावर आईंशी बोलणं व्हायचं, म्हणून सकाळपासून मनात धाकधूक होती. पूजेहून आले तर ओट्यावर मुगाच्या डाळीचं पीठ वाटून ठेवलेलं. आईंनी हाताएवढं एक धिरडं घातलं, कडेने फक्त थेंबभर तेल, आणि चक्का नैवेद्याच्या वाटीत काढला. मग वाळूचं घड्याळ उलटं करून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "सावकाश खा. मी हाय हितंच."